ब्रेकची गळती आणि माझा हट्ट

आधी हातातला कप खाली ठेवा. मागं हाच किस्सा सांगताना एकाच्या नाकात चहा गेलता, म्हणून म्हणतो. अन् हसायचं तर माझ्यावर हसा, गाडीवर नाही. ती बिचारी निर्दोष हाये.

झालं असं, कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घेऊन मी आणि मंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, यवतमाळला घरी आलो. दारासमोर ब्रेक दाबला. पाय गेला तो थेट तळाला! कापसाच्या गंजीत पाय घातल्यासारखा! गाडी हळूच पुढं सरकली आणि आमच्याच फाटकाला जाऊन टेकली. मी हँडब्रेक ओढला, पण तोवर फाटकानं कंबर वाकवली होती.

"फाटक उघडाले मी उतरूनच राह्यलती ना," मंदा म्हणाली. "इतकी घाई कायची होती?"

बॉनेट उघडलं, तर ब्रेक ऑईलची डबी जवळजवळ रिकामी. म्हणजे कुठंतरी गळती! आणि मंगळवारी बाभुळगावला मंदाच्या भाचीचा साखरपुडा.

"मिस्त्रीले बोलवा," मंदा म्हणाली.

इथंच घात झाला. मी कचेरीत टेबलाशी बसणारा माणूस, पण मोबाईलवर गाडी दुरुस्तीचे व्हिडिओ पाहून पाहून छाती फुगलेली.

"मिस्त्री कायले? मी स्वतः करतो. अन् साखरपुड्याले याच गाडीनं जाऊ. नाही गेलो तर नाव बदलतो!"

"फाटक बी तुम्हीच सरळ कराल?"

मी दुर्लक्ष केलं. जिद्दी माणसाला असल्या प्रश्नांकडं पाहून चालत नाही.

व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे चारही चाकांखाली जुनी वर्तमानपत्रं पसरली. म्हटलं, जिथं डाग पडेल तिथं चोर. सकाळी पाहतो तर काय? मागच्या डाव्या चाकाखाली हा एवढा पिवळा डाग! टायरसुद्धा ओलं! खात्री करावी म्हणून वाकून वास घेतला. अहो, डोळ्यात पाणी आलं! म्हटलं, ऑईल जुनं झालं की असंच उग्र होत असेल.

जॅक लावला, खाली लाकडाचे ठोकळे दिले, चाक काढून भिंतीला टेकवलं. आतला ड्रम गंजून असा बसलेला की हातोडीनं ठोकून ठोकून माझा खांदा निघायला आला. शेवटी निघाला. आत सगळं कोरडं ठाक!

"इथं तर काहीच गळून नाही राह्यलं," मंदा म्हणाली.

"ते आतल्या आत गळते! तुले नाही समजत."

मलाही समजत नव्हतं, पण आता माघार कोण घेणार? बाजारातून त्या चाकाचा ब्रेक दाबणारा नवा सिलिंडर आणला. धडधाकट जुना काढून नवा बसवला, ड्रम चढवला, डबीत ऑईल भरलं. आता राहिलं ब्रेकच्या नळीतली हवा काढणं. त्याला माणसं लागतात दोन. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचा स्क्रू ढिला करून हवा सोडायची, पुन्हा आवळायचा, मगच पेडल सोडायचं. मंदाला बसवलं आत, मी झोपलो जमिनीवर.

"दाब! जोरात दाब! दाबून धर! सोडू नको, सोडलं तर मेलो!"

"अवं, निसटून राह्यलं!"

"निसटू देऊ नको! जीव लावून दाब!"

एवढ्यात कंपाउंडवरून धप्पकन उडी! आमचे शेजारी राठोडभाऊ, हातात काठी, अंगात बनियन.

"कोठी हाये? चोर हाये का साप? वहिनी, तुम्ही सोडू नका, मी आलो!"

मी गाडीखालून नुसती मान बाहेर काढली. राठोडभाऊंना वाटलं, चोरानं मलाच आडवा पाडला. समजावेपर्यंत पुरेवाट झाली.

तेवढ्यात गल्लीतलं लाल कुत्रं ऐटीत आत आलं. भिंतीला टेकवलेल्या चाकाजवळ थांबलं. पाय वर केला. चाकाखाली एक पिवळा डाग पडला. सकाळच्या डागाचा सख्खा भाऊ!

राठोडभाऊ डागाकडं बघत होते, मंदा माझ्या नाकाकडं. सकाळी मी डागाचा वास घेताना तिनं पाहिलं होतं हो!

ती हसता हसता सीटवर आडवी झाली. मग एकदम थांबली. "अवं, मायी चप्पल काहून बुळबुळीत लागून राह्यली?"

मी आत डोकं घातलं. पायाखालची चटई ओली! वर हात लावला, तर पेडलच्या दांड्यावरून ऑईल ओघळत होतं. जुनी गाडी माझी. पेडलच्या पुढचा, चारही चाकांना ऑईल ढकलणारा मुख्य सिलिंडरच गळत होता!

पण सोडलं नाही मी. मुख्य सिलिंडर आणला, बसवला, चारही चाकांतून हवा काढली. राठोडभाऊ कंपाउंडवर बसून ओरडत होते, "वहिनी, दाबा! भाऊ, आवळा!" अंधार पडायच्या आत पेडल दगडासारखं घट्ट. रिकाम्या मैदानात हळूहळू चालवून पाहिली. दाबला की थांबली!

मंगळवारी निघालो. पुढच्या सीटवर माझे पाने-पकडी, म्हणून मंदा ओटीचं सामान घेऊन मागं. वाटेत थांबून थांबून मी गाडीखाली वाकायचो. गळत तर नाही? नाही! एका ठिकाणी तर वाकून, झोपून, टॉर्च लावून पाहिलं. कोरडं! असा आनंद झाला की उठलो, दार लावलं आणि सुसाट निघालो. वाटभर मागच्या सीटला समजावत होतो, हट्ट असावा तर असा. ती काही बोलली नाही. म्हटलं, मनातून कबूल केलं असेल.

बाभुळगावात मांडवासमोर झोकात ब्रेक मारला. सासरे पुढं आले.

"या जावईबुवा! मंदा कोठी हाये?"

मी मागं पाहिलं. सीटवर ओटीचं सामान. फक्त सामान!

सगळे पाहुणे गाडीभोवती जमले. मी घाम पुसत गाडी वळवणार, तेवढ्यात मागून एक काळीपिवळी टॅक्सी येऊन थांबली. आतून मंदा उतरली. मी गाडीखाली असताना ती गजरे घ्यायला उतरली होती, आणि ते सांगितलंही होतं म्हणे.

मेहुण्यानं विचारलं, "काय ताई, भाऊजींनी गाडी नीट केली म्हणे?"

मंदानं गजरा माळला आणि भर मांडवात म्हणाली, "एकदम नीट! ऑईलचा एक थेंब नाही गळला रे ह्यांच्या गाडीतून. मीच तेवढी गळली!"