शस्त्रपूजेतलं रिव्हॉल्व्हर

रिव्हॉल्व्हर नको इतकं लखलखत होतं. मला तिथंच शंका आली.

मी एका ऑक्शन हाउससाठी फिल्म प्रॉप्स, म्हणजे शूटिंगच्या वस्तू, अस्सल आहेत का ते तपासते. जुन्या वेस्टर्न सिनेमांत वापरलेल्या बंदुका ही माझी खास डोकेदुखी. लंडनमध्ये स्टॅनमोरला राहणाऱ्या कारखानीसकाकांनी असं एक रिव्हॉल्व्हर तिथल्याच बंद पडलेल्या प्रॉप-कंपनीकडून फार पूर्वी घेतलेलं. इथल्या मराठी मंडळातले लोक त्याला ‘काकांचं खेळणं’ म्हणत. आता एक म्युझियम ते मांडायला तयार होतं, पण माझा रिपोर्ट आल्यावरच. काकांना एकदाची सगळ्यांची तोंडं बंद करायची होती.

आम्ही आधी स्क्रीन-मॅच करतो. म्हणजे सिनेमाच्या फ्रेममध्ये दिसणारे ओरखडे हातातल्या वस्तूवर शोधायचे. फ्रेममध्ये तीन खोल चरे होते. काकांच्या रिव्हॉल्व्हरवर एकही नाही. वर मुठीच्या स्क्रूत लाल भुकटी. नकली माल जुना दिसावा म्हणून गंज चढवणारे महाभाग मी पुष्कळ पाहिलेत.

मेडनहेडच्या ऑफिसातून बॉस मार्टिनचं फोनवर एकच टुमणं, डाउट असेल तर रिजेक्ट कर.

“काका, खरं सांगा. हे कुणी घासलंय?”

“कुणी म्हणजे? मीच! दर दसऱ्याला.”

“काय?”

“शस्त्रपूजेला मळकं शस्त्र ठेवू होय? पॉलिश पेपर मारतो, मग हळदकुंकू.”

अरे देवा! भुकटी कुंकवाची होती. या माणसानं वर्षानुवर्षं भक्तिभावानं स्वतःचाच पुरावा घासून काढला होता. तरी माझी शंका जाईना. गोष्ट जरा जास्तच गोड वाटत होती.

मी मुठीवरचं लाकूड उघडलं. तिथं पॉलिश पेपर पोचला नव्हता. प्रॉप-कंपनीचा नंबर आत ठोकलेला होता आणि तो काकांकडच्या जुन्या पत्रातल्या नंबराशी जुळला.

“खरं आहे, काका.”

“बघ! आणि तू मला लबाड ठरवायला निघाली होतीस.”

मला लाज वाटली. मान खाली घातली, तेव्हा कुठे मी नळीकडे नीट पाहिलं. तोंड काळ्या बुचानं बंद होतं. आल्याआल्या मी ते वेल्डिंग समजले होते. ब्रिटनमध्ये लायसन्सशिवाय खरी बंदूक ठेवायची तर ती डिअ‍ॅक्टिव्हेट केलेली लागते, म्हणजे नळी वेल्डिंगनं बुजवून कायमची निकामी. मी बुचात टाचणी टोचली. ती सरळ आत गेली.

“मेण आहे गं ते. धूळ जाते म्हणून मीच भरलंय.”

म्हणजे मेणामागे नळी मोकळी होती; बंदूक अजून चालू शकत होती. जुन्या वेस्टर्नमध्ये कित्येकदा चक्क खऱ्या बंदुका वापरत, फक्त काडतुसांत गोळी नसे. रिव्हॉल्व्हर नकली असतं तर काका सुखरूप होते. ते अस्सल निघालं, म्हणून आता तुरुंगाची भीती.

“काका, त्याला हात लावू नका. पोलिसांना कळवावं लागेल.”

“अगं, देवापुढे ठेवतो मी ते!”

“माहितीये. तरीही. आणि फोन तुम्हीच करा, तेच बरं.”

काका खुर्चीत बसले. मग त्यांनी नंबर लावला.

स्वतःहून कळवलं म्हणून पुढे केस झाली नाही. रिव्हॉल्व्हर मात्र कायमचं गेलं. पोलीस ऑफिसरनं ते पिशवीत घातलं तेव्हा काकांनी डोळे पुसत विचारलं, “आर यू शुअर इट्स रिअल?”

“व्हेरी रिअल, सर.”

काका माझ्याकडे वळले. “हे वाक्य रिपोर्टमध्ये घाल.”

मी घातलं. तेव्हापासून मी आधी नळीत टॉर्च मारते, माणसावर संशय नंतर घेते.