न्हाणीमागचं बिननावाचं रोप

"तण समजून उपटलं, आत्याबाय! तण!"

"तण? तुझे डोळे काय शिमग्याच्या होळीत टाकलेस गो?"

"मग सांगायचं व्हतं, ह्याला हात लावू नको म्हणून. नऊ वर्सं ह्या घरात राबतेय मी. अडुळसा दावलात, गवती चहा दावलात, सताप दावलात. ह्या एकाचंच नाव गिळून बसलात."

"नाव सांगितलं की गुण जातो!"

"आता रोपच गेलं. ऱ्हावा गुण जपत."

आवडाबाई न्हाणीमागे मटकन बसली. दगडाच्या कडेची जमीन शेणानं गुळगुळीत सारवलेली. ग्रामदेवाची पालखी दारात यायची म्हणून सुनेनं, गोदूनं, सारं परस लख्ख केलं होतं, हिरवी काडी ठेवली नव्हती. गावभर कौतुक झालं. पालखी नाचून गेली, आणि गिरणीतल्या कामावरून शिमग्याला घरी आलेला आवडाबाईचा लेक भागोजी हळदीसारखा पिवळा पडला. आज आठवा दिवस. पेजेचा घोट टिकत नव्हता. काल डॉक्टर आला, पथ्य सांगून गेला. जाताना त्यानं आवडाबाईकडे बघायचं टाळलं.

सत्तेचाळीस साली सासूनं मरताना ते नाव तिच्या कानात सांगितलं, त्याला अकरा वर्षं झाली. पावसात ते रोप कुठंही उगवे, पण कावीळ काही पाऊस बघून येत नाही. म्हणून न्हाणीच्या सांडपाण्यावर ती ते बारमाही जगवी. पार तळा गावाहून माणसं येत. ती पाठ करून मूळ वाटी, दुधातून देई, चोथा स्वतः पुरी. बदल्यात नारळसुद्धा घेत नसे. कितीतरी माणसं उठून बसली. जी गेली, त्यांची गोष्ट कुणी काढत नसे.

घरातून भागोजी कण्हला.

गोदूनं पदर खोचला. "बोर्लीला जाते मी. सुपारीच्या वाड्यांत पाटाला कायम ओल असते. नीराबाईच्या वाडीत गावंल. पण हुडकू काय? नाव सांगा."

"मीच जाते."

"गुडघे उंबऱ्यापत्तुर नेत न्हाईत, आन बोर्लीला जाते म्हणं!"

आवडाबाई भिंतीला धरून उठली. चार पावलं टाकली आणि पुन्हा खाली बसली.

"तुमची सासू मेली, आत्याबाय," गोदूचा आवाज फाटला. "तुमचा ल्योक जिता हाय अजून."

"गुण गेला तर त्याला पाजू काय?"

"आन नाव न्हाय सांगितलं तर काय पाजाल? शेणाचं पाणी?"

आवडाबाईनं डोळे मिटले. ओठ नुसतेच हलले. मग शब्द बाहेर पडला, उघड्या परसात, भर उन्हात.

"भुईआवळी."

"ती? पावसात बांधावर तुडवतो ती?"

"तीच. पानांखाली मोहरीएवढ्या आवळ्यांची रांग असती. मुळासकट काढ. मूळ तुटू देऊ नको."

बोलून झालं. आपण हे काय केलं? सुनेचा पदर तिनं दोन्ही हातांनी धरला.

"गोदे, मी बोलले. आता येईल ना गो गुण? सांग ना. उठंल ना माझा भागोजी?"

गोदूनं पदर सोडवून घेतला, रोवळी काखेला लावली आणि कुंपणाबाहेर पडून बोर्लीच्या वाटेला लागली.