थर्मासला टेकवलेलं कार्ड

इंग्लंडमध्ये, लँकशायरमधल्या आमच्या गावात दर शनिवारी बाजार भरतो. तिथे एक म्हातारी या गावाची जुनी पोस्टकार्डं विकते. कार्डांवर कापडगिरण्यांची धुरांडी, कालवा, दगडी घरांच्या रांगा. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

बोलताना ती ओठ मोठमोठे हलवायची आणि सारखी समोरच्याच्या तोंडाकडे बघायची. मी कानांची डॉक्टर, त्यामुळे निदान लगेच तयार. पहिल्याच भेटीत मी मोठ्या आवाजात म्हटलं, "आमच्या क्लिनिकला या, कानाचं मशीन मिळेल."

ती हसली. "ओरडू नकोस, पोरी. कान शाबूत आहेत माझे. गिरणीत मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नसे, म्हणून आम्ही बायका एकमेकींचे ओठ वाचायचो. ती सवय राहिली."

मी चांगलीच ओशाळले. काही तरी घ्यावं म्हणून तिच्या थर्मासला टेकवलेलं कार्ड उचललं. त्यावर गिरणीच्या फाटकातून बायका बाहेर पडत होत्या; त्यांतली एक मागे वळून काही तरी बोलत होती.

म्हातारीने ते हळूच काढून घेतलं. "हे विकायचं नाही. ही माझी आई. जन्मभर ओठ वाचले मी, पण ही काय म्हणतेय ते काही उमगत नाही."

परवा पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला आणि मध्येच आवाज गेला. एरवी मी फोन ठेवून पुन्हा लावते. त्या दिवशी ठेवला नाही. तिच्या ओठांकडे बघत राहिले.