मिस्त्रीने कापलेला फिल्टर

पाटसला एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. आम्ही त्याला मामा म्हणायचो. बॉनेट उघडलं की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तो इंजिनाला लावायचा, मूठ कानाला धरायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा.

त्या दिवशी माझ्या गाडीचं इंजिन ऐकून त्याने डोळे उघडले आणि एकच विचारलं, "ऑइल फिल्टर कुठनं आणला?"

स्वस्तात मिळाला होता, असं मी सांगितलं. त्याने तो काढून करवतीने कापला. आतल्या कागदाचा लगदा झाला होता आणि काळ्या तेलात धातूचा चुरा चमकत होता.

"बेरिंग घासाय लागलंय. गाडी हलवायची न्हाई."

"मामा, घरी ताईचे दिवस भरलेत. तिला दौंडला दवाखान्यात पोचवतो, मग खोला इंजिन."

"आन् मधीच जाम झालं म्हंजी? रस्त्यात बाळंत करता व्हय तिला?"

त्याने किल्ली खिशात घातली. मी ओरडलो, तरी तो शांतपणे हात पुसत राहिला. मग स्वतःची जीप काढून ताईला त्यानेच नेलं. दवाखान्याच्या दारातच तिला कळा सुरू झाल्या. संध्याकाळी मुलगी झाली.

इंजिनाचं काम झाल्यावर मी आणलेले दोन फिल्टर त्याने परत पाठवले. तिसऱ्याचं रबर नखाने दाबलं, आतल्या कागदाच्या घड्या निरखल्या.

"ह्यो बसवू. आता ताईला आन् लेकीला आणाया तुमचीच गाडी न्या."

गाडी ठणठणीत होती. तरी दौंडपासून घरापर्यंत माझी नजर डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या दिव्यावरून हलेना. बाळाला छातीशी धरून ताई दोनदा म्हणाली, "अरे, रस्त्याकडं बघ."