मी गप्प बसले आणि डॉक्टर आले

मी एका संध्याकाळी काहीच बोलले नाही, म्हणून आमच्या घरी डॉक्टर बोलवावा लागला.

आमच्याकडे पूर्वी हातमाग होते. मागाच्या खटखटीवर आवाज चढवून बोलायची सगळ्यांना सवय. माग गेले, बाकीच्यांचे आवाज खाली आले, माझा तेवढा वरच राहिला! तर अशी मी गप्प बसले ती माझ्या नातीसाठी.

नात इशू सातवीत. दिवाळीनंतर पोरगी एकदम मिटली. शाळेतून आली की खोलीत. खो-खो बंद. आवडत्या तर्री-पोह्याकडेही बघायची नाही. चालायची तीही पोक काढून, जणू पाठीवर पोतं आहे. मी आपली विचारायची, "काय झालं वं? पोट दुखते? बाई रागावल्या? कोणाशी भांडली?"

"आजी, जा ना तू!"

असं तिनं मला कधी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात शाळेत पालकांची सभा निघाली. मुलाला दुकान, सुनेला ऑफिस, म्हणून मी गेले. मुलांच्या मनाबद्दल सांगायला एक मॅडम आल्या होत्या. म्हणाल्या, "या वयात मुलांच्या आत खूप उलथापालथ चालते. प्रश्नांचा मारा करू नका. सल्ले देऊ नका. नुसतं जवळ बसा."

मी हात वर केला. "किती वेळ बसायचं?"

"मूल आपणहून बोलेपर्यंत."

झालं! त्याच दिवशी सुरुवात. आता माझं तोंड अर्धं बंद ठेवता येत नाही. सुनेशी बोलले तर ओघात इशूला सल्ला गेलाच म्हणून समजा. म्हणून सगळ्यांशीच मौन. (घरच्यांना आधी सांगून ठेवावं, हे मला सुचलं, पण तोवर मौन सुरू झालं होतं!)

इशू आली. मी तिच्या पलंगावर जाऊन बसले.

"काय आहे?"

मी हसले.

"हसून काहून राहिली?"

मी आणखी हसले. पोरगी जरा सरकून बसली.

सून माधुरीनं वांग्याच्या भाजीची चव बघायला वाटी आणून दिली. भाजीत मीठ दोनदा पडलेलं. मी मुकाट्यानं सगळी संपवली. माधुरीच्या हातून पळी पडली. "इशू, तुझ्या आजीनं भाजीले नावं नाही ठेवली!" आणि धावली ती शेजारच्या शकुनबाईला आणायला.

शकुनबाईनं आल्या आल्या माझी हनुवटी पकडली. "सुमन, हात वर कर! आता हास बरं!"

मी हसले.

"अवं माय! तोंड वाकडं झालं! लकवा आहे, लकवा!"

(माझं तोंड जन्मापासूनच जरा वाकडं आहे. भिंतीवरचा लग्नाचा फोटो बघा.) तेच सांगायला मी फोटोकडे हात केला, तर माधुरी रडायलाच लागली, "बाबांकडे जातो म्हणून राहिल्या!" कारण शेजारीच यांचा हार घातलेला फोटो! मुलगा प्रशांत सदर बाजारातलं दुकान टाकून डॉक्टरला स्कूटरवर घेऊन आला. फोन गेला तशी रामटेकची माझी बहीण बसमध्ये बसलीसुद्धा.

एवढ्या गोंधळात इशूनं माझा हात धरला, मला खोलीत ओढलं आणि आतून कडी लावली. डोळे भरलेले.

"आजी, मी जा म्हटलं म्हणून झालं का तुले हे? मी सांगते सगळं. पण तू बरी हो."

आणि पोरगी बोलायला लागली. चार महिन्यांत ती वर्गातल्या सगळ्यांपेक्षा उंच झाली होती. खो मिळून उठली की बाजूची पोरं ओरडायची, "जिराफ उठला रे!" म्हणून खो-खो सोडला. म्हणून वाकून चालायचं. "मले वाढायचंच नाही आजी," म्हणाली आणि माझ्या मांडीत डोकं खुपसलं.

माझ्या जिभेवर किती सल्ले जमले म्हणून सांगू! त्या पोरांच्या घरी जाऊन काय काय बोलायचं, तेही तयार होतं. पण पोरगी अजून बोलत होती. मी पदर तोंडात कोंबला आणि तिची पाठ थोपटत राहिले.

बाहेरून दार बडवणं चालू. "इशू, दार उघड! डॉक्टर थांबले आहे!"

"थांबा ना!" इशू ओरडली. "आजी ऐकून राहिली माझं!"

दार बडवणं थांबलं.

रडून झाल्यावर तिनं विचारलं, "मी काय करू आता?"

तोंडातला पदर काढून मी म्हटलं, "तुले काय वाटते?"

"मले खेळायचं आहे."

"मग खेळ."

एवढंच! उभ्या आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं भाषण. दाराबाहेर शकुनबाई किंचाळली, "बोलली वं माय!" डॉक्टरनं आलोच आहे तर म्हणून सगळ्यांचं प्रेशर तपासलं. माझं ठीक निघालं, प्रशांतचं वाढलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रशांत-माधुरी शाळेत बाईंशी बोलून आले. चिडवणं लगेच नाही थांबलं, पण इशू मैदानात परत गेली. हळूहळू पाठही सरळ झाली. हे कळल्यावर सभेतल्या त्या मॅडमनी मग मलाच पालकांसमोर बोलायला बोलावलं. विषय : मुलांचं गप्प राहून कसं ऐकावं. वेळ : पाच मिनिटं.

मी सुरू झाले. मागच्या रांगेत इशू ताठ उभी होती, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, मला स्वच्छ दिसत होती. ती सारखी ओठांवर बोट ठेवत होती. मला वाटलं, पोरगी गप्प बसण्याचं महत्त्व लोकांना करून दाखवते आहे. म्हणून मी आणखी रंगून बोलले. शिपायानं आधी पंखे बंद केले, मग दिवे घालवले.

अंधारात काय, आवाज तर जातोच!