आवतण दिलेले बैल

परतवाड्याचा जानराव गाडीवान गोड बोलण्याबद्दल कधीच प्रसिद्ध नव्हता. पण चिखलदऱ्याचा घाट चढायचा तर त्याच्याच दमणीत बसावं लागे. दमणी म्हणजे माणसं नेण्याची छपराची हलकी गाडी. तिला जुंपायचे हरण्या आणि मोत्या. चढाला न थकणारी आणि उताराला न बिचकणारी अशी जोडी आसपास दुसरी नव्हती.

कापसाला सोन्याचा भाव आला होता ती ही वर्षं. साहेब लोक हवा खायला वर जात, म्हणून दलालांनाही हवा खायची हौस सुटली. अकोल्याचे भगवंतराव त्यांतलेच. दोन वर्षांपूर्वी हा गृहस्थ बापामागं वखर धरत होता. आता पायाला चिखल लागला की नाक मुरडायचा. ऐन श्रावणात बायकोला, पार्बताबाईंना घेऊन तो जानरावाच्या दमणीतून वर आला आणि तीन दिवस भाड्याच्या बंगल्यात बसून राहिला. धुक्यात दरी तर सोडाच, समोरचं झाडही दिसेना.

"धुपटच पाहाचं होतं त घरची चूल काय वाईट होती?" पार्बताबाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी पोळ्याची आदली संध्याकाळ. जानरावानं बंगल्याच्या अंगणातच खांदशेकणी केली. पळसाच्या पानानं तूप-हळद लावून, वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे शेकले. मग त्यांच्या कानाशी लागून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे आवतण एकदा दिलं, की पोळा सरेपर्यंत त्या खांद्यावर जू चढत नाही. वऱ्हाडात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

सकाळी अकोल्याहून माणूस चिठ्ठी घेऊन आला. मुंबईचा बडा व्यापारी येणार होता आणि आज निघालं तरच त्याची गाठ पडणार होती.

"गाडी जुप," भगवंतराव म्हणाले.

"आज नाई, मालक. बैलायले आवतन देलं हाय. उद्या तांबडं फुटलं का काढतो."

"माह्या धंद्यापरीस तुये बैल मोठे झाले काय? याद राख, यंदा माह्या कापसाचा एक बोरा तुह्या गाडीवर चढनार नाई."

धमकी पोकळ नव्हती. हिवाळ्यात जानराव दमणीऐवजी मालाची गाडी जुंपायचा आणि त्याची चूल त्याच कापसाच्या भाड्यावर पेटायची. तरी तो बैलांपुढं चारा टाकायला वळला. तेवढ्यात भगवंतरावांचा नोकर जू उचलून हरण्याकडं वळला आणि जानरावाचं टाळकं फिरलं. त्यानं जू हिसकावलं आणि स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"यायले आवतन देलं, मले कोनी देलं नाई. बसा मालक, बसा!"

आणि तो शहाणा खरंच बसला! जानरावानं दात-ओठ खाऊन गाडी ओढली. अंगणाच्या चिखलातून ती दहा पावलं सरकली, मग चाक रुतलं. खांदा सोलवटून रक्त आलं, तरी जू खाली ठेवीना. आत बसलेला उतरेना.

पार्बताबाई पदर खोचून बाहेर आल्या. "उतरा खाली! मामंजीनं जन्मात पोळ्याले बैल जुपला नाई, आन् तुमी मानूस जुपून राहिले?"

भगवंतराव उतरले. नोकराच्या डोक्यावर पेटी देऊन, कुणाकडं न बघता पायीच घाट उतरू लागले. पार्बताबाई मात्र गेल्या नाहीत. त्यांनी पुरण घातलं आणि दोन्ही बैलांना आपल्या हातानं पोळ्या चारल्या. दुसऱ्या दिवशी जानरावानं त्यांना खाली पोचवलं.

भगवंतरावांनी शब्द खरा केला. त्या हिवाळ्यात साऱ्या गावाच्या गाड्या कापूस वाहत होत्या आणि जानराव मेळघाटातून बांबू ओढत होता. घरात भाकरी मोजून होती. लोक म्हणायचे, जाऊन माफी माग. तो म्हणायचा, "कोनाची? बैलायची?"

पुढच्या श्रावणात, पोळ्याच्या आदल्या दिवशी, अकोल्याचा एक माणूस तुपाचं गाडगं घेऊन त्याच्या दारात आला.

"कोनं धाडलं?" जानरावानं विचारलं.

"ते सांगू नोको म्हनून बाईनं बजावलं हाय."

जानराव वर्षानंतर पहिल्यांदा खदखदून हसला. त्या तुपात हळद कालवून त्यानं हरण्याचा खांदा शेकला, मग मोत्याचा. उरलेलं बोटभर तूप आपल्या खांद्यावरच्या वणावर चोळलं. आणि सारी गल्ली ऐकेल अशा आवाजात त्यानं त्या वर्षी तिघांना आवतण दिलं.