फितूर बैल

बंकटच्या बायकोनं, केशरबाईनं पाटलाचा बैल फितवला, अशी कुजबुज पार आष्टीच्या बाजारापर्यंत गेलती. कुणी म्हणे भानामती केली, कुणी म्हणे वैरणीत काहीतरी घातलं.

बंकट ओढ्यापलीकडच्या वाडीचा, म्हणजे इंग्रजांच्या अमलातला. अलीकडचं गाव मोगलाईत, निजामाच्या राज्यात. ओढा गुडघाभर, पण बंकटचा तोरा सातासमुद्रापलीकडचा. पलीकडच्या काठावर उभा राहून तो निजामाच्या शिपायाला खुशाल चिडवी आणि शिपाई बिचारा पाण्यात पाय घालीना. तिथं त्याचा अंमल संपत होता.

मग दोन सरकारांनी हद्दीची अदलाबदल केली आणि दवंडी ऐकता ऐकता वाडी मोगलाईत गेली. शिपायानं पहिलं काम काय केलं, तर ओढा ओलांडून बंकटच्या ओट्यावर बसला आणि प्यायला पाणी मागितलं. बंकटनं मुकाट दिलं. पण खरा घाव बसला पोळ्याला. वाडीच्या तोरणाखालून पहिला बैल बंकटचा, हा मान बापजाद्यांपासूनचा. आता गावच्या राधाकिशन पाटलानं निरोप धाडला: गाव एक, तोरण एक, मानाचा बैल पाटलाचा. त्याच्या आधी कुणाचाच बैल हलायचा न्हाई.

बंकट पाटलाकडं गेला. "पाटील, मुलूख बदलला तो सरकारचा. तोरण आमचं हाय, ते कावून उतरवायचं?"

"बांध की बे," पाटील हसला. "खालून वारं जाईल."

बंकटनं बांधलं. केशरबाई पुरणपोळीचं ताट घेऊन त्या रिकाम्या तोरणाखाली उभी राहिली. बाया पदराआड हसल्या.

गावात वाजंत्री सुरू झाली. पाटलाचा बैल झूल घालून, शिंगांना बेगड लावून पुढं आला. हा बैल खास नेकनूरच्या बाजारातला, असं पाटील वर्षभर सांगत होता आणि ते ऐकताना बंकट मिशीत हसत होता. बैल गावच्या तोरणाशी थबकला, कासरा हिसडून ओढ्यात उतरला आणि सरळ वाडीच्या तोरणाखाली जाऊन उभा राहिला. मागं पाटील, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. बाकीचे बैल वेशीत ताटकळले. मानाच्या आधी हलायचं कुणी?

"पाटील, मान तुमचाच," बंकट लई अदबीनं म्हणाला. "तोरण तेवढं आमचं."

त्या वर्षी सगळं गाव ओढा ओलांडून वाडीच्या तोरणाखालून गेलं. शिपाईसुद्धा.

आता खरं काय ते. तो बैल केशरबाईच्या गोठ्यात जन्मला होता. गाय मेल्यावर तिनं त्याला हातानं वाढवला. पुढं बंकटनं तो नेकनूरला दलालाला विकला आणि पाटलानं दलालाकडून घेतला. विकण्याआधी दर पोळ्याला तो तिच्या हातची पुरणपोळी खात असे. त्या दिवशीही तो तीच खायला गेला होता.